पास्काची मेणबत्ती : आधी दिवा, मग प्रतीक

पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी, रात्री कॅथलिक चर्चमधले सगळे दिवे मालवतात, आवारात नवा अग्नी पेटवतात आणि त्यावरून एक जाड, उंच मेणबत्ती लावतात. ही पास्काची मेणबत्ती. ज्योत म्हणजे पुनरुत्थित ख्रिस्त, तिच्यात खोचलेले ऊदाचे पाच खडे म्हणजे त्याच्या पाच जखमा, हा अर्थ धर्मशिक्षणाच्या वर्गात एका दमात सांगून होतो. प्रत्यक्षात हे अर्थ काही शतकांच्या अंतराने एकमेकांवर चढत गेले आहेत. मुळात तो रात्रीचा दिवा होता.

ईस्टरच्या आदल्या रात्री जागून शास्त्रवाचने ऐकायची आणि उजाडण्यापूर्वी नव्या श्रद्धावंतांना बाप्तिस्मा द्यायचा, ही प्रथा पहिल्या काही शतकांतली. वाचायला उजेड लागतो. संध्याकाळचा दिवा प्रार्थना करूनच लावायचा, ही यहुदी घरांतली रीत ख्रिस्ती लोकांनी उचलली होती; वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या दिव्याला साहजिकच सर्वांत मोठी प्रार्थना मिळाली. उत्तर इटलीत चौथ्या शतकाच्या अखेरीस ही प्रार्थना स्वतः रचून गाणे हे डीकनचे, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पदावरच्या सेवकाचे, काम होते. पिआचेन्झाच्या एका डीकनने 384 च्या सुमारास बायबलचे लॅटिन भाषांतरकार संत जेरोम यांच्याकडे अशी रचना मागितली. जेरोमने नकार दिला, वर मधमाश्या आणि कुरणांच्या फुलोऱ्याने भरलेल्या या भाषेची टिंगल केली.

मधमाश्या मात्र टिकल्या. 'एक्सुल्तेत' हे पास्काचे घोषणागीत आजही मेणबत्तीला 'मधमाश्यांचे काम' म्हणते. मधमाशी संगाविना प्रजा वाढवते अशी तेव्हाची समजूत असल्याने मेणाचा संबंध कुमारी मरियेशी जोडला गेला आणि जुन्या पाठांत माश्यांची स्तुती बरीच लांबली. दक्षिण इटलीत, बारी, बेनेव्हेन्तो, मोन्ते कासिनो या भागात, दहाव्या ते तेराव्या शतकांत हे गीत चामड्याच्या लांब गुंडाळ्यांवर लिहीत. त्यांतल्या बऱ्याच गुंडाळ्यांत चित्रे मजकुराच्या उलट दिशेने काढलेली आहेत. डीकन गाता गाता गुंडाळी व्यासपीठावरून खाली सोडणार, आणि समोरच्या माणसांना चित्र सुलटे दिसणार! त्या चित्रांत पोळ्याभोवती घोंघावणाऱ्या माश्याही आहेत.

पाच खड्यांचा उगम अडचणीचा आहे, म्हणून तो सहसा सांगत नाहीत. एक्सुल्तेतच्या जुन्या पाठात 'इन्चेन्सुम' हा लॅटिन शब्द येत असे. तिथे तो पेटवलेल्या मेणबत्तीबद्दल होता. पण ऊदालाही हाच शब्द. पुढच्या पिढ्यांनी ऊद असाच अर्थ घेतला आणि गीताच्या त्या ओळीवर मेणबत्तीत ऊदाचे खडे खोचू लागले, असे उपासनेचे बहुतेक इतिहासकार मानतात. पाच जखमांचे नाते या कृतीशी नंतर जुळले. त्यामुळे खड्यांची किंमत कमी होते असे नाही. पण 'पहिल्या शतकापासून' असे कुणी सांगत असेल तर ते चूक आहे.

मध्ययुगात मेणबत्ती वाढत गेली. इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमधल्या मेणबत्तीची 1517 मधली नोंद 36 फुटांची आहे. अशी मेणबत्ती दारातून मिरवत आणणे अशक्य. म्हणून अग्नी आत नेण्यासाठी काठीवर बसवलेली तीन फाट्यांची वेगळी मेणबत्ती आली आणि मुख्य मेणबत्ती जागेवरच उभी राहिली.

खरी पडझड वेळेची झाली. जागरण हळूहळू दुपारकडे सरकत होतेच. 1566 मध्ये पोप पायस पाचवे यांनी संध्याकाळच्या मिस्सांना (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) बंदी घातली आणि ते शनिवारी सकाळी जाऊन बसले. 1642 मध्ये ईस्टरआधीच्या या दिवसांची सक्तीची सुटीही गेली, लोक कामाला गेले. जवळजवळ चारशे वर्षे मोकळ्या चर्चमध्ये, खिडक्यांतून ऊन येत असताना डीकन गात राहिला, 'हीच ती रात्र'. भर उजेडात लावलेल्या दिव्याला कितीही अर्थ चिकटवले तरी तो काही सांगत नाही.

पोप पायस बारावे यांनी 9 फेब्रुवारी 1951 रोजी प्रयोग म्हणून रात्रीच्या जागरणाला परवानगी दिली. 16 नोव्हेंबर 1955 च्या आदेशाने पवित्र सप्ताहाचा, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्याचा, विधीच नव्याने बसवला गेला आणि 25 मार्च 1956 पासून, त्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारपासून (ईस्टरच्या आधीचा रविवार), तो लागू झाला. तीन फाट्यांची काठी गेली. मोठी मेणबत्तीच बाहेर, अग्नीपाशी आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1963 मध्ये लोकभाषांना वाट दिल्यावर वसईसारख्या ठिकाणी हा विधी मराठीतून होऊ लागला.

आजचा क्रम असा. धर्मगुरू टोकदार सळईने मेणात उभी रेघ कोरतो, 'ख्रिस्त काल आणि आज'. मग आडवी, 'आरंभ आणि शेवट'. वर अल्फा, खाली ओमेगा, ही ग्रीक वर्णमालेतली पहिली आणि शेवटची अक्षरे. चालू वर्षाचे चार अंक क्रूसाच्या चार कोपऱ्यांत: पहिला वर डावीकडे, दुसरा वर उजवीकडे, तिसरा खाली डावीकडे, चौथा खाली उजवीकडे. 'काळ त्याचा आहे' हे शब्द पहिल्या अंकाबरोबर येतात. म्हणजे वर्ष ही निव्वळ नोंद नाही, हेच वर्ष ख्रिस्ताच्या हवाली करायचे आहे. खड्यांचा क्रम वर, मध्य, खाली, मग डावा, उजवा. घाईत हा शेवटचा क्रम हमखास चुकतो.

खडे थंड मेणात दाबले तर मेणबत्तीला उभी चीर जाते. भोके आदल्या दिवशी तापवलेल्या खिळ्याने पाडून ठेवावीत. बाजारात खडे मेणाच्या खिळ्यांत बसवून मिळतात, ते सोयीचे. आयते चिकटवायचे अंक उष्णतेने सुटतात आणि कोरण्याची कृती नुसता अभिनय होते. निदान क्रूसाची रेघ तरी खरी कोरावी.

7 सेंमी व्यासाची, 90 सेंमी उंचीची मेणबत्ती सव्वातीन किलोंच्या आसपास भरते. ती उंच धरून दारात, मध्यावर आणि वेदीसमोर अशी तीनदा थांबत 'ख्रिस्ताचा प्रकाश' म्हणायचे असते. ती तिरपी झाली की वितळलेले मेण मनगटावर येते. वरच्या टोकाला पितळी कडे असले तर बचाव होतो. दुसऱ्या थांब्यापासून लोकांच्या मेणबत्त्या पेटतात, चर्चचे दिवे तिसऱ्यानंतर. वेदीवरच्या मेणबत्त्या मात्र 'ग्लोरिया' या स्तुतिगीतापर्यंत थांबतात. कुणी उत्साहाने आधीच बटण दाबले की अंधाराचे काम तिथेच संपते.

पाण्याच्या आशीर्वादावेळी मेणबत्ती पाण्यात एकदा किंवा तीनदा बुडवता येते. वरच्या मापाची मेणबत्ती 20 सेंमी बुडवली तर पाऊण लिटर पाणी वर चढते; भांडे काठोकाठ भरले असेल तर गालिचा भिजतो.

16 जानेवारी 1988 च्या रोमच्या परिपत्रकाने नियम कडक शब्दांत मांडला: मेणबत्ती मेणाचीच, कृत्रिम कधीच नाही, दरवर्षी नवी, एकच आणि पुरेशी मोठी, जागरण अंधार पडल्यावरच सुरू करायचे आणि रविवारी उजाडण्याआधी संपवायचे. आत तेल भरायची प्लास्टिकची नळी ठेवली की मेण जळून कमी होत नाही आणि पैसे वाचतात. पण जळता जळता संपत जाणे हाच तर या चिन्हाचा निम्मा भाग आहे.

पूर्वी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशी, शुभवर्तमानाच्या वाचनानंतर ती विझवत. आता ती पेन्टेकॉस्ट या पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, म्हणजे पन्नास दिवस, वेदीजवळ किंवा वाचनपीठाजवळ असते. नंतर ती बाप्तिस्मा-कुंडाशेजारी जाते. बाप्तिस्म्यात बाळाची मेणबत्ती तिच्यावरून लावतात आणि अंत्यविधीत ती शवपेटीजवळ ठेवतात. रोममध्ये उरलेल्या मेणाच्या, कोकराचे चित्र उमटवलेल्या चकत्या करून वाटत असत.