श्वास मोजले का?

नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या सरावासाठी कॉम्प्युटरवरचा एक खेळ. पडद्यावर एक पेशंट. पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. "जरा बरं वाटत नाहीये, सिस्टर," एवढंच म्हणतो. कोपऱ्यात घड्याळ चालू. समजा, विद्यार्थिनीने थर्मामीटर उचललं. ताप 38.1 सेल्सिअस. तिने चार्ट पाहून पॅरासिटामॉल दिलं. खेळ चूक-बरोबर काहीच सांगत नाही. घड्याळ तेवढं पुढे सरकतं आणि थोड्या वेळाने पेशंट असंबद्ध बोलायला लागतो.

तिने न पाहिलेलं असं होतं: नाडी 104, वरचं बीपी 104, श्वास मिनिटाला 24. सुटं पाहिलं तर यातलं काहीच घाबरवणारं नाही. पण ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये आणलेल्या 'न्यूज' (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) या गुणपद्धतीत, जिथे जास्त गुण म्हणजे जास्त धोका, ताप, नाडी, बीपी यांचा प्रत्येकी 1 आणि श्वासाचे 2 गुण पडतात. बेरीज 5. म्हणजे डॉक्टरांना तातडीने कळवायचं. सगळ्यात जास्त गुण श्वासाचे, आणि घाईच्या ड्युटीत अंदाजपंचे लिहिला जातो तोही नेमका श्वासच!

लेखी परीक्षेत हे आकडे प्रश्नातच छापलेले असतात. कुठे बघायचं, हे पेपर काढणाऱ्यानेच ठरवून टाकलेलं. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापिका क्रिस्टीन टॅनर यांनी 2006 मध्ये परिचारिकेच्या विचाराचे चार टप्पे मांडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि केलेलं तपासून पाहणं. पेपर थेट दुसऱ्या टप्प्यावर आणून सोडतो, पहिल्याचा सराव होतच नाही.

सरावासाठी पुतळे जुनेच आहेत. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या रुग्णालयात 1911 मध्येच 'मिसेस चेस' नावाची माणसाएवढी बाहुली आली होती. पण तिच्यावर हात बसायचा, पेशंटला उचलायचं कसं, कूस कशी बदलायची याचा. तिची तब्येत मात्र कधी बिघडत नव्हती.

अर्थात, खेळही कच्चे असतात. प्रत्येक क्लिक फुकट असेल तर पोरं सगळी बटणं दाबून मोकळी होतात, विचार करायचं कामच उरत नाही. म्हणून प्रत्येक तपासणीला वेळ मोजावा लागला पाहिजे. आणि खेळ संपल्यावर शिक्षिकेने शेजारी बसून विचारायला हवं, "थर्मामीटरच आधी का उचललंस?" 'का चुकलीस' असं विचारलं की उत्तर येत नाही, नुसती मान खाली जाते.

दुसऱ्या फेरीत ती आधी पेशंटच्या छातीकडे बघते. खेळ तिथे आकडा दाखवत नाही, फक्त चादर वर-खाली होते. मोजायचं तिनेच, पूर्ण एक मिनिट.