जुन्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदाच लिनक्स घालताय?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून दुकानात येणारे बरेच जण विचारतात, "दादा, हा लॅपटॉप आता भंगारात द्यायचा का?" विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. त्यामुळे २०१५-१६ साली घेतलेली, अजून ठणठणीत चालणारी मशिनं त्यात बसत नाहीत. भंगारात देण्याआधी हे पत्रक वाचा.

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम. ते फुकट आहे आणि कुणालाही वापरता, बदलता, वाटता येतं. म्हणूनच त्याचे शेकडो प्रकार निघालेत, आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो. खरं तर आधी नाव निवडायचंच नाही. या कॉम्प्युटरवर तुम्ही रोज काय करता, ते आम्हाला सांगा.

टॅलीवर हिशेब असेल, फोटोशॉप किंवा कोरलड्रॉवर पोट असेल, श्रीलिपीत डीटीपी करत असाल, तर आम्ही स्पष्ट सांगतो की त्या मशिनवरचं विंडोज काढू नका. लिनक्सवर ही सॉफ्टवेअर सरळ चालत नाहीत. जुगाड करून काही चालवता येतं, पण ऐन मार्चअखेरीला ते अडलं तर नुकसान तुमचं होतं. जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांनी तो आधी लिनक्सवर तपासून घ्यावा.

इंटरनेट, ईमेल, व्हॉट्सॲप वेब, यूट्यूब, मुलांचा अभ्यास, पत्रं, साधे तक्ते एवढंच काम असेल, तर आमचं उत्तर ठरलेलं आहे: लिनक्स मिंट. मिंट २००६ पासून आहे आणि उबुंटूच्या पायावर उभं आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, अशी मांडणी असल्यामुळे विंडोजची सवय असलेल्या आजोबांनाही माऊस कुठे न्यायचा हे सांगावं लागत नाही. लिबरऑफिस (पत्रं, तक्ते करायला) आणि फायरफॉक्स (इंटरनेट बघायला) त्यात आधीपासून असतात. मिंटच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. 'टाइमशिफ्ट' नावाची सोयही आहे. ती सुरू करून ठेवली की एखाद्या अपडेटनंतर बिघाड झाला तरी सिस्टिम आधीच्या स्थितीत परत नेता येते. आम्ही बसवतो त्या प्रत्येक मशिनवर ती सुरू करूनच देतो.

मिंटमध्येही पडद्याच्या मांडणीचे तीन पर्याय आहेत. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. मधला माटे आम्ही क्वचितच सुचवतो. आणि मशिनमध्ये अजून जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर पहिला खर्च एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, करा. त्याने जो फरक पडतो, तो लिनक्सचा कोणताही प्रकार बदलून पडत नाही.

दिसायला आणखी विंडोजसारखं हवं असेल तर डब्लिनमध्ये तयार होणारं झोरिन ओएस चांगलं आहे. त्याची मोफत आवृत्ती घरकामाला पुरते. खुद्द उबुंटूही भक्कम आहे, फक्त त्याची मांडणी वेगळी असल्यामुळे हात बसायला काही दिवस लागतात. कॉलेजची मुलं काली लिनक्स मागतात. ते नेटवर्कची सुरक्षा तपासणाऱ्यांचं हत्यार आहे, पहिली सिस्टिम म्हणून आम्ही ते घालून देत नाही. शिकायचं असेल तर मिंटवरही टर्मिनल (आज्ञा टाइप करून काम करायची खिडकी) आहेच, तिथून सुरुवात करा.

मराठी टायपिंगची काळजी नको. इनस्क्रिप्टही मिळतं आणि रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारा कीबोर्डही. युनिकोडमधल्या (सगळीकडे सारख्याच वाचता येणाऱ्या लिपीतल्या) जुन्या फायली जशाच्या तशा उघडतात. मात्र श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये लिहिलेला मजकूर फॉन्ट नसेल तर अगम्य अक्षरांत दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

घाई करू नका. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, तुमच्या डिस्कला हात लागत नाही. थोडं हळू चालतं, पण वायफाय, आवाज, वेबकॅम आणि मुख्य म्हणजे प्रिंटर चालतो का, हे तिथेच कळतं. बहुतेक एचपी प्रिंटर विनासायास जोडले जातात. छोट्या दुकानांत सर्रास दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर मात्र खूप खटपट करायला लावतात. प्रिंटरवरच धंदा असेल तर त्याची चाचणी झाल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

घरीच बसवणार असाल तर आयएसओ फाइल (ज्यातून लिनक्स बसवतात ती) अधिकृत साइटवरूनच घ्या आणि तिचा चेकसम, म्हणजे फाइल अस्सल असल्याची खूण असलेला आकडा, साइटवरच्या आकड्याशी जुळवून पाहा. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटच्या साइटवर घुसखोरी होऊन काही जणांच्या हाती चोरवाट असलेली फाइल पडली होती. त्यामुळे ही पाच मिनिटं वाचवू नका. पार्टिशनच्या (डिस्कचे भाग पाडण्याच्या) पायरीवर 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडला तर लग्नाचे फोटोही पुसले जातात. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर असल्याची खात्री करूनच पुढचं बटण दाबा.

लिनक्सचे आम्ही पैसे घेत नाही. बॅकअप, बसवणी आणि पहिल्या तासाभराच्या शिकवणीचे घेतो. पेनड्राइव्हवरची चाचणी मोफत आहे. येताना चार्जर, प्रिंटरचा मॉडेल नंबर आणि तुम्ही रोज उघडता त्या प्रोग्रॅमची यादी आणा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की सुद्धा, नाहीतर तुमच्याच फायली आम्हाला उघडता येणार नाहीत.