दुब्रोव्हनिकचा तट सकाळी आठलाच का?
क्रोएशिया सहलीच्या ग्राहकांसाठी, निघण्यापूर्वी वाचण्यासाठी

सहलीचा कार्यक्रम हातात पडला की सर्वात जास्त फोन एकाच ओळीवरून येतात: ‘दुब्रोव्हनिक – सकाळी ७ वाजता हॉटेलमधून प्रस्थान, न्याहारी सोबत.’ सुट्टीवर आल्यावर इतकी घाई कशाला? आरामात न्याहारी करू, आधी गाव पाहू, दुकाने पाहू आणि जेवण उरकून तटावर चढू, असे पुष्कळांचे म्हणणे असते. सातला निघून आठला तटावर चढण्याची ही वेळ आम्ही का बदलत नाही ते इथे सविस्तर लिहिले आहे. नेहमीच्या बाकी शंकाही ओघात घेतल्या आहेत.

तट आहे कसा, ते आधी पाहू. जुन्या गावाभोवतीची ही तटबंदी सलग १,९४० मीटर लांब आहे. जमिनीच्या बाजूने ती चार ते सहा मीटर जाड, समुद्राच्या बाजूने दीड ते तीन मीटर, आणि सर्वात उंच जागी २५ मीटर उंच आहे. फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरून, गावाला पूर्ण फेरी मारता येते. आकडा दोन किलोमीटरचाही नाही, म्हणून ‘आम्ही रायगड-राजगड चढलेली माणसे, एवढ्याशा चालण्याचे काय’ असा सूर लागतो. चालण्याची ताकद आहेच, त्याबद्दल शंका नाही. अडचण वेगळी आहे. गडावर दम लागला तर झाडाखाली बसता येते, नको वाटले तर अर्ध्यातून परतता येते. इथे फेरी एकेरी आहे, घड्याळाच्या उलट दिशेने, आणि मागे फिरू देत नाहीत. सावली जवळजवळ नाही. फांजी काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की दोन माणसे शेजारी जेमतेम चालतात. चढ-उतार मिळून पायऱ्या हजाराच्या घरात जातात. खाली उतरण्याच्या जागा मोजक्याच, त्यामुळे मध्येच गरगरले तरी पुढच्या दरवाजापर्यंत चालावेच लागते. आणि एकदा खाली उतरलात की त्याच तिकिटावर पुन्हा वर सोडत नाहीत.

आता हीच फेरी दुपारी एकला सुरू केली तर काय होते? जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या वर असतो. पांढरा चुनखडीचा दगड वरून ऊन घेतो आणि खालून परत फेकतो. त्यात क्रूझचे प्रवासी साधारण नऊ-दहापासून गावात येऊ लागतात. नगरपालिकेने एका वेळी दोनच मोठी जहाजे आणि सुमारे ४,००० प्रवासी अशी मर्यादा ठरवली आहे, तरी एवढी माणसे एका छोट्या गावात पुरेशी होतात. यातले बहुतेक जण पश्चिमेच्या पिले वेशीतून शिरतात आणि समोरच्याच जिन्याला रांग लावतात. रांगेत पाऊण तास गेला, मग एका अरुंद फांजीवर सावकाश सरकणाऱ्या गर्दीच्या मागे दीड तासाच्या फेरीला अडीच तास लागले, त्यात एखाद्या ज्येष्ठाला त्रास होऊन चौघे खाली उतरले की बाकी गट त्यांच्यासाठी खोळंबतो. लोक्रुम बेटाची फेरी बुडते, संध्याकाळची केबल कार बुडते. तट उशिरावर टाकण्याची ही एक चूक अख्खा दिवस खाते. सकाळचा एक तास वाचवायला जाऊन दुपारचे चार तास जातात, म्हणून या एका बाबतीत आम्ही ग्राहकांचा आग्रह मान्य करत नाही.

आमचा क्रम असा असतो. लापाड भागातल्या हॉटेलमधून सातला बस निघते आणि साडेसातच्या आत पिले वेशीपाशी सोडते. तिथे बसला फक्त उतरवण्या-चढवण्यापुरते थांबता येते आणि तीही वेळ आधी आरक्षित करावी लागते. ‘पाच मिनिटे थांबा, खोलीत मोबाइल राहिला’ हे त्या दिवशी खरोखर शक्य नसते, ते यामुळे. वेशीतून आत आलात की समोर स्ट्रादुन, म्हणजे गावाचा मुख्य रस्ता. सुमारे तीनशे मीटर लांब, पावलांनी गुळगुळीत झालेल्या दगडी फरशीचा. या वेळी तो जवळपास मोकळा असतो. ज्यांना आधी गाव पाहायचे असते त्यांचीही हौस इथे भागते. मोकळ्या स्ट्रादुनचे फोटो हवे असतील तर ते याच वीस मिनिटांत मिळतात, दहानंतर नाहीत.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला घंटाघराशेजारी ओनोफ्रिओचे छोटे कारंजे आहे. बाटल्या तिथे भरा. पाणी पिण्याचेच आहे. पंधराव्या शतकात ओनोफ्रिओ देल्ला कावा या स्थापत्यकाराने सुमारे बारा किलोमीटरवरच्या झऱ्याचे पाणी पाटाने गावात आणले, तेव्हापासूनची ही सोय. पिले वेशीजवळचे मोठे कारंजे त्याच योजनेतले. तटावर पाणी विकत मिळते, पण महाग.

तटावर चढण्याच्या जागा तीन: पिले वेशीजवळ, बंदरावरच्या संत इव्हान बुरुजापाशी, आणि पूर्वेला प्लोचे वेशीकडे संत लुका चर्चजवळ. आम्ही गट संत लुकाकडून वर नेतो. ‘सगळे लोक पिलेला चढतात, आपणच उलटीकडून का?’ असा प्रश्न हमखास येतो. कारण फेरीची दिशा. पिलेला चढलात तर आधी समुद्राची बाजू लागते आणि मिंचेता बुरुजाकडचा मोठा चढ शेवटी येतो, ऊन तापल्यावर, पाय थकल्यावर. प्लोचेकडून चढलात की तोच चढ पहिल्या अर्ध्या तासात, थंड हवेत उरकतो आणि सूर्य पाठीशी राहतो. पुढची वाट एकंदरीत उताराची, समुद्राचा वारा लागणारी. आठला दार उघडताना रांगही पिलेच्या मानाने लहान असते. उन्हाळी हंगामातली ही वेळ आहे. हिवाळ्यात दार उशिरा उघडते आणि लवकर बंद होते, म्हणून त्या सहलींचा कार्यक्रम वेगळा दिला जातो.

मिंचेता हा तटावरचा सर्वात उंच बुरूज. मिकेलोत्सो आणि युराय दाल्मातिनाच या स्थापत्यकारांच्या हातून तो १४६४ मध्ये पुरा झाला. इथून छपरांकडे नीट पाहा. काही कौले फिकट, डागाळलेली, कमी-जास्त रंगांची आहेत. बाकीची सगळी एकसारखी भगवट नारिंगी. फिकट कौले जुनी, भडक कौले युगोस्लाव्ह सैन्याच्या १९९१-९२ च्या वेढ्यानंतर घातलेली. ६ डिसेंबर १९९१ हा सर्वात भीषण माऱ्याचा दिवस होता. जुन्या गावातल्या ८२४ इमारतींपैकी सुमारे ६८ टक्के इमारतींना तोफगोळे लागले. युनेस्कोने १९७९ मध्येच हे गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतले होते. १९९१ मध्ये त्याची नोंद ‘धोक्यातील वारसा’ अशी झाली आणि दुरुस्तीनंतर १९९८ मध्ये ती काढली गेली. खाली फिरताना हे काहीच कळत नाही, दुरुस्ती इतकी काळजीपूर्वक झाली आहे. वरूनच कळते. तट वगळून दुब्रोव्हनिक पाहणे आम्हाला अपुरे वाटते ते याचमुळे.

पिलेच्या वरून पुढे जाताना बाहेर, वेगळ्या खडकावर लोव्हरियेनाच किल्ला दिसतो. खडकाची उंची ३७ मीटर. बाहेरच्या बाजूच्या त्याच्या भिंती १२ मीटरपर्यंत जाड आहेत, आणि गावाकडची भिंत जेमतेम ६० सेंटिमीटर. किल्लेदार फितूर झालाच तर गावातल्या तोफांनी ती पाडता यावी, हा त्यामागचा हिशेब. किल्ल्यांची आवड असलेल्यांनी तिथे जरूर जावे. तटाच्याच तिकिटात प्रवेश मिळतो, म्हणून तिकीट फेकू नका. तटावरही मध्येच ते पुन्हा तपासतात.

गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी आमचा सल्ला वेगळा आहे. पूर्ण फेरीचा हट्ट नको. त्यांना सहकारी पिले वेशीतून वर नेतो. सुरुवातीचा जिना उभा आहे, तो सावकाश चढायचा. मग बोकार बुरूज आणि समुद्राची बाजू पाहून संत इव्हान बुरुजापाशी उतरायचे. मिंचेताचा चढ पूर्ण टळतो आणि निळ्या समुद्राकडची, सर्वात देखणी बाजू पाहून होते. मात्र हे आदल्या संध्याकाळपर्यंत सांगा. वर चढल्यावर बेत बदलता येत नाही. बाबागाडी तटावर चालत नाही, लहान मूल पोटाशी बांधूनच न्यावे लागते. छत्री अरुंद फांजीवर मागच्याच्या डोळ्यात जाते, टोपी घ्या. बूट रबरी तळाचे हवेत, गुळगुळीत दगडावर चामडी सपाता घसरतात. आणि प्रसाधनगृहाचे काम चढण्यापूर्वीच उरका.

तिकिटाबद्दल थोडे. २०२५ मध्ये उन्हाळी हंगामात प्रौढांचे तटाचे तिकीट ४० युरो होते. बऱ्याच सहलींमध्ये ते ‘ऐच्छिक’ सदरात असते, त्यामुळे सहलीची किंमत कागदावर कमी दिसते आणि पैसे तिथे गेल्यावर जातात. आम्ही ते मूळ रकमेतच धरतो. शिवाय नुसत्या तिकिटाऐवजी एक दिवसाचा दुब्रोव्हनिक पास देतो. २०२५ मध्ये त्याचा दर तेवढाच होता, पण त्यात तटाशिवाय रेक्टरचा, म्हणजे जुन्या नगरराज्याच्या प्रमुखाचा, राजवाडा, काही संग्रहालये आणि शहर बसही येते. दुपारी हॉटेलवर जाऊन पडायचे असेल तर पिलेहून लापाडची बस त्याच पासवर मिळते.

‘तटाच्या आतच हॉटेल का देत नाही?’ हाही नेहमीचा प्रश्न. आत गाडी जात नाही. वेशीपासून खोलीपर्यंत बॅगा स्वतः न्याव्या लागतात, आणि स्ट्रादुनच्या दोन्ही बाजूंच्या कित्येक गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या आहेत. जुन्या दगडी घरांत लिफ्ट क्वचितच. २३ किलोची बॅग चार मजले उचलण्यापेक्षा लापाडला उतरून बसने वीस मिनिटांत येणे बरे. त्यातून वाचलेल्या पैशांत आम्ही इथे एकाऐवजी दोन रात्री देतो. ज्यांना आतच राहायचे आहे त्यांना तशी खोली पाहून देऊ, पण बॅग पाठीवरची घ्या.

आता व्हिसा. हे काळजीपूर्वक वाचा. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि चलन युरो आहे. शेजारचे मोस्तार बोस्नियात आणि कोतोर माँटेनेग्रोमध्ये, आणि हे दोन्ही देश शेंगेनबाहेर. तुमच्या पासपोर्टवरचा व्हिसा एकेरी प्रवेशाचा असेल तर एका दिवसाच्या सहलीसाठी सीमा ओलांडली की तो संपला. परत क्रोएशियात येता येणार नाही. पिले वेशीपाशी अशा सहलींच्या जाहिराती जागोजाग दिसतात आणि तिकीट विकणारा तुमचा व्हिसा पाहत नाही. मोकळ्या दिवशी परस्पर अशी सहल घेण्याआधी आमच्या सहकाऱ्याला पासपोर्ट दाखवा. स्प्लिटहून येताना मात्र काळजी नाही. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाच पूल सुरू झाल्यापासून बोस्नियाचा तुकडा न ओलांडता येता येते. त्याच वाटेवर स्तोन लागते. तिथे डोंगरावरून गेलेला साडेपाच किलोमीटरचा तट आणि मिठागरे आहेत. आमची बस तिथे थांबते.

खाण्याची अडचण समजतो तेवढी नसते. हॉटेलच्या न्याहारीच्या डब्यात एरवी हॅमचे सँडविच असते. शाकाहारींसाठी चीज, फळे आणि ब्रेड घालायला आम्ही आदल्या दिवशी सांगून ठेवतो. सकाळी गुंदुलिच चौकातल्या मंडईत अंजिरे आणि साखरेत पाकवलेली संत्र्याची साल मिळते. जेवणात ‘ब्लित्वा’ मागा: लसूण आणि ऑलिव्ह तेलात परतलेली पालेभाजी व बटाटा. काळा रिसोटो मात्र शाकाहारींनी टाळावा. तो काळा रंग माकुळाच्या शाईचा असतो.

तट उरकून दहाच्या सुमाराला खाली आलात की उरलेला दिवस मोकळा. संत ब्लेझचे चर्च, १३१७ पासूनची फ्रान्सिस्कन मठातली औषधशाळा आणि रेक्टरचा राजवाडा ऊन चढले तरी सुखाने पाहता येतात. संत ब्लेझ, तिथल्या भाषेत स्वेती व्लाहो, या गावाचा रक्षक. वेशींवरच्या मूर्तीच्या हातात गावाची प्रतिकृती दिसेल. गोव्याच्या मंडळींना हे नाव परके नाही. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला याच संताचे चर्च आहे आणि सोळाव्या शतकात रागुसाच्या, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकच्या, व्यापाऱ्यांनी ते उभारल्याचे मानले जाते. दुपारी जुन्या बंदरातून लोक्रुमला नाव जाते, पंधरा मिनिटांत. संध्याकाळी केबल कारने स्र्द डोंगरावर, चार मिनिटांत. वारा जोराचा असला तर केबल कार बंद ठेवतात, अशा वेळी तिचे पैसे परत करतो. एक दंडाची बाब: पोहून आल्यावर पोहण्याच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगाने जुन्या गावात फिरू नका.

नोंदणी करताना चार गोष्टी कळवा: व्हिसा एकेरी की अनेक प्रवेशांचा, गुडघे-पाठ-दमा यांपैकी काही आहे का, सोबत किती वयाचे मूल आहे, आणि न्याहारीचा डबा शाकाहारी, जैन की मांसाहारी. तटाची पूर्ण फेरी की अर्धी, हे दुब्रोव्हनिकला पोहोचल्या संध्याकाळी सांगितले तरी चालेल.