बारा स्वरांचा हिशेब मांडणारे ॲलन फोर्ट

ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांच्या ओपस ११ या पियानोरचनांपैकी पहिली, १९०९ सालची, तीन उतरत्या स्वरांनी सुरू होते. पियानोवरच्या 'सी'ला सा मानलं तर ते शुद्ध नी, कोमल ध आणि प होतात. गाऊन पाहायला काहीच अवघड नाही. अडचण येते ती पुढे. गाणं घरी कुठे परतणार, आधारस्वर कोणता, याचा अंदाज कानाला लागतच नाही. मेजर (शुद्ध ग असलेली) आणि मायनर (कोमल ग असलेली) या स्वरपट्ट्यांची शेकडो वर्षांची परिभाषा इथे कामाला येत नाही. मग अशा संगीतात काही बांधणी आहे का, आणि असली तर ती दाखवायची कशी?

या प्रश्नावर ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला ते अमेरिकन संगीतसिद्धान्ती म्हणजे ॲलन फोर्ट (१९२६–२०१४). जन्म ओरेगनमधल्या पोर्टलंडचा, शिक्षण कोलंबिया विद्यापीठात, आणि १९५९पासून २००३पर्यंत अध्यापन येल विद्यापीठात. संगीताचा सिद्धान्त हा तेव्हा बहुतेक ठिकाणी हार्मनीच्या वर्गापुरता विषय होता. त्याला स्वतंत्र संशोधनक्षेत्र म्हणून उभं करण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. १९७७ साली अमेरिकेत संगीतसिद्धान्ताची संस्था स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्ष तेच झाले.

१९७३ साली आलेल्या 'द स्ट्रक्चर ऑफ अटोनल म्युझिक' (आधारस्वर नसलेल्या संगीताची रचना) या पुस्तकात त्यांनी स्वरांचे गट करून त्यांच्या जाती लावण्याची आपली पद्धत सविस्तर मांडली. तिचा पाया अमेरिकन संगीतकार मिल्टन बॅबिट यांच्यासारख्यांनी आधीच घातला होता. फोर्ट यांनी जातींची पूर्ण यादी केली. बारा स्वरांतून कोणतेही तीन निवडायचे तर २२० प्रकारे निवडता येतात. पण एक गट जसाच्या तसा वर-खाली सरकवून दुसरा मिळत असेल, किंवा आरशातल्यासारखा उलटवून मिळत असेल, तर ते दोन्ही एकाच जातीचे मानायचे. असं केलं की २२०चे उरतात फक्त १२. चार स्वरांच्या ४९५ गटांच्या २९ जाती होतात, सहा स्वरांच्या ९२४ गटांच्या ५०. प्रत्येक जातीला फोर्ट यांनी क्रमांक दिला: आधी स्वरांची संख्या, मग यादीतलं स्थान. शोनबर्ग यांचे सुरुवातीचे तीन स्वर ३-३ या जातीचे. हे क्रमांक आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

या हिशेबात मला सर्वांत विलक्षण वाटते ती एक जोडी. सा, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म हे चार स्वर घ्या. त्यांच्यात सहा जोड्या बनतात, आणि एक अर्धस्वर (पियानोवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) ते सहा अर्धस्वर ही सगळी अंतरं त्यांत नेमकी एकेकदा सापडतात. आता सा, कोमल रे, कोमल ग, प घ्या. सा ते प हे सात अर्धस्वरांचं अंतर दुसऱ्या बाजूने मोजलं की पाच होतं, म्हणून ते पाचच धरायचं. इथेही सहा अंतरं, एकेकदा! तरीही सरकवून किंवा उलटवून एका गटाचा दुसरा करता येत नाही. अशा जोड्यांना फोर्ट यांनी 'झेड' हे अक्षर जोडलं. असे संबंध हुडकायला त्यांना संगणकाची मदत हवी होती, म्हणून ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि १९६७ साली स्नोबोल-३ या संगणकभाषेचं प्राथमिक पुस्तकही त्यांनी लिहिलं.

टीका झाली, आणि ती दमदार होती. स्वरलेखनातले नेमके कोणते स्वर एका गटात धरायचे हे शेवटी विश्लेषकच ठरवतो, मग त्याला हवं ते सापडणारच, हा आक्षेप अजूनही पुरता मिटलेला नाही. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्की यांच्या 'राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेसंगीतावर फोर्ट यांनी १९७८मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हा संगीत-इतिहासकार रिचर्ड टारुस्किन यांनी विचारलं की या संगीतामागची रशियन परंपरा कुठे गेली? मला हा प्रश्न रास्त वाटतो.

आणखी एक गोष्ट. सा-ग-प आणि सा-कोमल ग-प हे एकमेकांचे आरशातले रूप, म्हणून मेजर आणि मायनर दोन्ही कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगट) ३-११ या एकाच जातीत पडतात. शोनबर्ग यांच्या संगीतात त्याने फारसं बिघडत नाही. गाण्यात मात्र सगळंच बिघडतं. फोर्ट यांना हे पक्कं ठाऊक होतं. १९९५ साली त्यांनी १९२४ ते १९५० या काळातल्या अमेरिकन लोकप्रिय बॅलडवर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा जातींची यादी बाजूला ठेवून ऑस्ट्रियन संगीतसिद्धान्ती हाइनरिख शेंकर यांची पद्धत वापरली. वरवरच्या स्वरांखाली आधारस्वराकडे उतरत जाणारी दीर्घ रेषा शोधणारी ही पद्धत मुळात बाख-बेथोव्हेन परंपरेसाठी घडलेली. ब्रॉडवे आणि हॉलिवूडच्या गाण्यांनाही तिच्या कसोटीवर घासून पाहावं, असं ठरवण्यातच त्या गाण्यांचा मान होता.

त्या काळातलं जेरोम कर्न यांचं 'ऑल द थिंग्ज यू आर' (१९३९) ऐका. मधला भाग ई मेजरमध्ये संपतो आणि गाणारा तिथला, म्हणजे 'ई'ला सा मानल्यावरचा, शुद्ध ग धरून ठेवतो. खालचे कॉर्ड बदलतात, एफ मायनर येतो, आणि आता 'एफ' सा झाल्यामुळे पियानोची तीच पट्टी कोमल ग झालेली असते. मेजर-मायनरमधला फरक पुसून टाकला तर हा क्षण कागदावर उरतच नाही.

याच गाण्यांवर फोर्ट यांनी २००१ साली सामान्य श्रोत्यांसाठी आणखी एक पुस्तक काढलं. वाचताना ऐकताही यावं म्हणून सोबत सीडी होती.