खार्दुंग ला: पाटीवरची उंची

बाइक क्लबांच्या ग्रुपांवर दर उन्हाळ्यात फिरणारा दावा: लडाखचा खार्दुंग ला, १८,३८० फूट, जगातला सर्वांत उंच गाडीरस्ता.

आकडा आला कुठून? खिंडीतल्याच पाटीवरून. तिथे फोटो काढणं ही बहुतेक क्लबांची रीतच, मग शंका कोण घेणार? पण जीपीएसने मोजलं की उंची भरते सुमारे १७,५८२ फूट, म्हणजे ५,३५९ मीटर. जीपीएस थोडंफार चुकतं, हे खरं; आठशे फूट नव्हे. लडाखमधल्याच उमलिंग लाचा रस्ता १९,०२४ फुटांवर आहे.

पडताळायचंय? खिंडीत मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस लावा. त्याला नेटवर्क लागत नाही. घरबसल्या उपग्रह-नकाशावरही उंची दिसते.

पाटीसमोरचा फोटो मात्र जरूर काढा.