कोकोनट मिल्क रन

कोकोनट मिल्क रन म्हणजे पनामापासून दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटाबेटांवरून न्यूझीलंड नाहीतर ऑस्ट्रेलियापर्यंत शिडाच्या छोट्या बोटीने जायची वाट. या वाटेवरच्या बोटींत बऱ्याचदा दोनच माणसं असतात, नवरा-बायको किंवा जोडीदार, आणि ३५ ते ४५ फुटांची ती बोट हेच त्यांचं घर, स्वयंपाकघर, वर्कशॉप सगळं. आपल्याकडे क्रूझ म्हटलं की बुफे आणि डीजेवाली मोठी बोट डोळ्यापुढे येते, तिचा इथे काही संबंध नाही. हे लोक स्वतःच तांडेल, स्वतःच खलाशी आणि भांडीही स्वतःच घासणार. मिल्क रन म्हणजे इंग्रजीत दुधाच्या रतिबाची फेरी, रोजची, ठरलेली, काही विशेष न घडणारी, आणि बेटांवर नारळ म्हणून पुढे कोकोनट लागलं. नाव जरा जास्तच लाडाने ठेवलंय.

वारा आणि मोसम

सगळं गणित वाऱ्याचं आहे. शाळेच्या भूगोलात व्यापारी वारे होते ना, तेच. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ते आग्नेयेकडून वाहतात, म्हणजे पश्चिमेला निघालेल्या बोटीला ते मागून किंवा तिरके मागून मिळतात आणि बोट आपोआप ढकलली जाते. त्याच वाटेने उलटं पूर्वेला यायचं म्हटलं तर वारा नाकावर आणि लाटाही नाकावर, म्हणून ही वाट जवळजवळ एकेरीच आहे. पूर्वेला जायचं असेल तर खूप दक्षिणेला, पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यात उतरावं लागतं, जसं भारतीय नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनी केलं, गोव्यात बांधलेली तारिणी ही ५६ फुटी बोट घेऊन २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि मे २०२५ मध्ये पृथ्वीला फेरी मारून परत आल्या. त्यांच्या बोटीवरही दोघीच होत्या, पण थंडी, वादळं, बर्फाळ पाणी, म्हणजे नारळाचा मामलाच नाही.

दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ धरतात. त्यामुळे पनामा कालवा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये ओलांडायचा, एप्रिल-मेपर्यंत फ्रेंच पॉलिनेशिया (मार्केसास, टुआमोटू, ताहिती वगैरे बेटं) गाठायचा आणि नोव्हेंबरच्या आसपास वादळी पट्ट्यातून बाहेर पडायचं. आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी होडी समुद्रात घालत नाहीत तसंच हे, फक्त इथे मोसम संपायच्या आधी हजारो मैल पुढे सरकायचं असतं, त्यामुळे कितीही सुंदर बेट असलं तरी मागे कॅलेंडर लागलेलंच असतं. काहीजण फिजीतच थांबतात, तिथे एका मरीनात, म्हणजे बोटी ठेवायच्या धक्क्यावर, जमिनीत खड्डे केलेत, त्यात बोटीचा खालचा कणा उतरवून बोट बांधून ठेवतात आणि घरी जाऊन येतात.

दोघंच असतात म्हणजे नक्की काय

सगळ्यात मोठा टप्पा पनामानंतर लागणाऱ्या गॅलापागोस बेटांपासून मार्केसास बेटांपर्यंत, साधारण ३००० सागरी मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर, मध्ये एकही बेट नाही. बोटीचा वेग ५-६ नॉट, म्हणजे सायकल रमतगमत चालवावी तेवढा, दिवसाला १२० ते १४० मैल झाले तर चांगला दिवस. तीन ते चार आठवडे जातात. आणि इथे नांगर टाकून रात्रीपुरतं थांबणं वगैरे काही नसतं, तळ चार-चार किलोमीटर खाली, बोट चोवीस तास चालूच.

म्हणून पाळ्या लावतात. तीन किंवा चार तास एकाने जागायचं, दुसऱ्याने झोपायचं, मग उलट. सुकाणू हातात धरून बसावं लागत नाही, वाऱ्यावर चालणारं पातं किंवा ऑटोपायलट ते काम करतो, पण लांबून येणारं जहाज, बदलणारा वारा, अंधारात येणारी पावसाची सर यावर नजर ठेवायला माणूस लागतो. क्षितिजावर दिसलेलं मोठं जहाज वीसेक मिनिटांत अंगावर येऊ शकतं, त्यामुळे बरेच जण दर दहा-पंधरा मिनिटांचा टायमर लावून उठतात. एआयएस नावाचं यंत्र आसपासची जहाजं दाखवतं, पण ज्या जहाजाने ते बंद ठेवलंय ते कसं दिसणार. गंमत म्हणजे रोमँटिक म्हणून गाजलेल्या या प्रवासात जोडपं एकमेकांना जागेपणी फार कमी भेटतं, पाळी बदलताना दहा मिनिटं आणि दुपारचं जेवण, एवढंच. अंथरूण एकच, वापरणारे दोघं, पण आळीपाळीने.

एक पद्धत बहुतेक दोनमाणशी बोटींवर दिसते, संध्याकाळ झाली की वारा बरा असला तरी शीड थोडं कमी करून टाकायचं. वेग जातो, पण मध्यरात्री वारा वाढला तर झोपलेल्याला उठवावं लागत नाही. एकट्याने पुढे डोलकाठीकडे जायचं नाही, जायचंच तर कमरेचा पट्टा बोटीला अडकवून आणि दुसऱ्याला सांगून, कारण एकजण पाण्यात पडला तर उरलेल्या एकट्याने शिडं उतरवून बोट वळवून लाटांत डोकं शोधायचं असतं. वादळाची भीती सगळे विचारतात, पण या वाटेवर जोडप्यांना खरं पिळतं ते अर्धवट झोप, मागून वारा असल्याने डावी-उजवीकडे सतत लोळणारी बोट (कप ठेवला की गेला) आणि मोडतोड. समुद्राच्या मिठात पंप, वायरी, संडासाचा व्हॉल्व्ह यातलं काही ना काही रोज बिघडतं आणि दुरुस्तीवाला हजार मैलांवर असतो.

जेवणात तांदूळ, डाळी, कांदे, बटाटे. अंडी फ्रिजमध्ये न ठेवलेली घ्यायची आणि दर एक-दोन दिवसांनी उलटी करायची म्हणजे जास्त टिकतात. केळ्यांचा अख्खा घड मागे टांगतात आणि मग सगळी केळी एकाच दिवशी पिकतात, याला उपाय नाही. सकाळी डेकवर उडते मासे मेलेले सापडतात.

बेटं

मार्केसास उंच, हिरवी, काळ्या कातळाची बेटं. हिवा ओआ, नुकू हिवा, फातू हिवा ही नावं या लोकांच्या तोंडी सारखी. इथली वेळ ग्रीनिचच्या साडेनऊ तास मागे, आपल्यासारखा अर्ध्या तासाचा घोळ घालणारं गाव पॅसिफिकमध्येही आहे म्हणायचं. हिवा ओआवर आटुओनाच्या दफनभूमीत १९०३ मध्ये वारलेला चित्रकार गोगँ आहे आणि जवळच बेल्जियन गायक जाक ब्रेल, जो स्वतः १९७५ मध्ये जोडीदार मॅडली बामीबरोबर शिडाच्या बोटीने इथे आला आणि राहिलाच. बेटावर नीरफणस भरपूर, कोकणी माणसाला कापं आठवतील. नोनो नावाच्या बारीक माश्या चावतात, ते फोटोत येत नाही.

पुढे टुआमोटू, जवळजवळ ८० कंकणद्वीपं, म्हणजे भोवती प्रवाळाचं कडं आणि मध्ये पाणी, लक्षद्वीपसारखी सपाट, माडाचा शेंडा हाच सगळ्यात उंच भाग, त्यामुळे आठ-दहा मैलांवर येईपर्यंत बेट दिसतच नाही आणि जुने खलाशी याला धोक्याचा द्वीपसमूह म्हणायचे. कड्याच्या आतल्या पाण्यात जायला प्रवाळात एखादीच खिंड असते. भरती-ओहोटीचं सगळं पाणी तिथूनच ये-जा करतं, धार ५-६ नॉटपर्यंत जाते, म्हणजे इंजिन पूर्ण रेटलं तरी बोट जागच्या जागी. पाणी थांबतं तेव्हाच शिरायचं. आत गेल्यावर सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असताना एकजण सुकाणूवर आणि दुसरा पुढे नाळेवर उभा राहून पाण्याचा रंग बघतो, निळं खोल, तपकिरी म्हणजे प्रवाळ. इंजिनाच्या आवाजात ओरडून ऐकू येत नाही आणि ओरडण्यातून भांडणं होतात म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवतात, किंवा मग कानाला हेडसेट लावतात, ज्याला असे बोटीने फिरणारे लोक लग्न वाचवणारं यंत्र म्हणतात.

मासे खाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: प्रवाळातले मोठे मासे सिग्वातेरा नावाच्या विषबाधेमुळे धोक्याचे असू शकतात, हे विष शिजवून जात नाही, चवीला कळत नाही आणि एका बेटावर चालणारा मासा शेजारच्या बेटावर चालत नाही, त्यामुळे गावातल्या माणसाला विचारूनच खायचं. खोल समुद्रातला ट्यूना मात्र चालतो. तो कच्चा, लिंबू आणि नारळाच्या दुधात घालून ताहितीत खातात, सोलकढीवाल्यांना अर्धं तरी पटेल.

ताहिती, मोरेआ, बोरा बोरा इथे दुकानं आणि सुटे भाग मिळतात, त्यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांना फ्रेंच पॉलिनेशियाचा व्हिसा मात्र आधी काढावा लागतो. नंतर कुक बेटांतलं सुवारो, जिथे टॉम नील नावाचा माणूस १९५२ पासून मध्ये मध्ये खंड पाडत वर्षानुवर्षं एकटा राहिला. मग निउए, आणि तिथून टोंगाला जाताना घड्याळ तेच राहतं पण तारीख एक दिवस पुढे जाते. एखाद्याचा वाढदिवस त्यात गायब होऊ शकतो.

फिजीत गावाजवळ नांगर टाकला की आधी गावप्रमुखाकडे जाऊन यांगोनाच्या (ज्याच्यापासून कावा हे पेय करतात) मुळांची जुडी द्यायची, याला सेवूसेवू म्हणतात. समुद्राचा तो भाग गावाचा मानला जातो, आपण त्यांच्या अंगणात गाडी लावल्यासारखं आहे, त्यामुळे न विचारता पोहायला उतरणं उद्धटपणा. शहरात मात्र रोटी-भाजी मिळते आणि फिजी हिंदी ऐकू येते, १८७९ ते १९१६ मध्ये साठ हजारांवर भारतीय मजूर इथे गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आणले गेले त्यांचे वंशज.

आधीची जोडपी

एरिक आणि सुझन हिस्कॉक यांनी १९५२ ते १९५५ मध्ये ३० फुटी वाँडरर ३ मधून दोघांनीच पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हापासून हे सामान्य जोडप्याला जमू शकतं असं लोकांना वाटायला लागलं. लिन आणि लॅरी पार्डी तर इंजिनच नसलेल्या बोटींवर दशकानुदशकं फिरले. मॉरिस आणि मॅरलिन बेली हे इंग्रज जोडपं याच वाटेने न्यूझीलंडला निघालं होतं, मार्च १९७३ मध्ये पनामा आणि गॅलापागोसच्या मध्ये देवमाशाची धडक बसून बोट बुडाली. बोटीवर संदेश पाठवणारा रेडिओ त्यांनी मुद्दामच ठेवला नव्हता. जवळजवळ चार महिने रबरी तराफ्यावर, सेफ्टी पिनांचे गळ करून मासे पकडत ते तगले, शेवटी एका कोरियन मासेमारी जहाजाने उचललं. त्यानंतर त्यांनी परत बोट बांधली आणि परत निघाले, यावर काय बोलायचं. आता सॅटेलाइट इंटरनेट आहे, बुडणाऱ्याची जागा तासाभरात कळू शकते, पण मदत जहाजानेच येणार, आणि त्याला दिवस लागतात.

शेवटचा टप्पा

टोंगा किंवा फिजीहून न्यूझीलंडचं ओपुआ हजारेक मैल. हा टप्पा उष्ण कटिबंधातून बाहेर काढतो, व्यापारी वारे संपतात, पश्चिमेकडून सरकत येणारे कमी दाबाचे पट्टे चुकवत जावं लागतं, त्यामुळे हवामान बघत लोक आठवडाभर अडकून पडतात. अनेक महिन्यांनी स्वेटर निघतात. ओपुआला उतरण्याआधी जैवसुरक्षेचे अधिकारी बोटीवर येतात, खालून बोट घासलेली आहे का विचारतात आणि ताज्या भाज्या, फळं, मध, अंडी जप्त करतात, त्यामुळे किनारा दिसायच्या आधीचे दोन दिवस बोटीवर तिन्ही त्रिकाळ ऑम्लेट असतं.