शंभर सीसीचा आकडा आला कुठून?

पहिली मोटारसायकल कोणती घ्यावी, असं कुणी विचारलं की आपल्याकडे उत्तर तयार असतं. ‘शंभर सीसीची घे. हलकी आहे, ॲव्हरेज चांगलं देते, कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होते.’ तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरचं माप, ते नव्वद किंवा एकशे दहा नाही, बरोबर शंभरच का, हे सहसा कुणी विचारत नाही. हा आकडा नवशिक्यांचा अभ्यास करून कुणी काढलेला नव्हता. तो दिल्लीतल्या परवाना धोरणातून आला.

त्याआधीच्या मोटारसायकली शिकाऊ माणसाला दमवणाऱ्या होत्या. मद्रासला १९५५पासून बुलेट बनू लागली, साडेतीनशे सीसीची. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा. म्हैसूरला १९६१पासून अडीचशे सीसीची जावा तयार होऊ लागली. पुढे तिचंच नाव येझदी झालं. तिच्यात किकचा दांडाच दुमडून गिअरचं काम करायचा, त्यामुळे नवख्याला आधी तो चमत्कार समजावून सांगावा लागे. पोलंडच्या गाडीवरून घडलेली राजदूत खेड्यापाड्यांत दुधाच्या किटल्या लादून फिरत असे. ती दणकट होती, पण नाजूक हातांची नव्हती.

हलकं वाहन म्हणजे लूना. फिरोदियांच्या कायनेटिकने अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) १९७२मध्ये काढलेली ही पन्नास सीसीची मोपेड पायडल मारूनही चालायची. पन्नास सीसीपर्यंतचं बिनगिअरचं वाहन सोळाव्या वर्षी चालवता येतं, ही कायद्यातली सवलत कॉलेजातल्या पोरापोरींना पाठ असे. मध्यमवर्गाचं खरं स्वप्न मात्र आकुर्डीची बजाज स्कूटर. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, आणि ती येईपर्यंत मुलगा शाळेतून कॉलेजात गेलेला असायचा. उत्पादन किती करायचं हेही सरकारच ठरवत होतं, मग दुसरं काय होणार?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने दार किलकिलं केलं. दुचाकीसाठी परदेशी कंपनीशी हातमिळवणी करायला परवानगी मिळाली, पण इंजिन शंभर सीसीपर्यंतचंच हवं. आपल्या ‘शंभर’ची जन्मपत्रिका ही. होंडा, सुझुकी, यामाहा, कावासाकी या चारही जपानी कंपन्या पुढच्या दोन-तीन वर्षांत कुणा ना कुणा भारतीय कंपनीचा हात धरून आल्या. १९८४मध्ये टीव्हीएसची इंड-सुझुकी, १९८५मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आणि एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १००, १९८६मध्ये बजाजची कावासाकी केबी १००. नावातच शंभर मिरवणाऱ्या गाड्यांची रांग लागली.

होंडाने भारतात दोन सोयरिकी जुळवल्या. स्कूटरसाठी पुण्याच्या फिरोदियांशी आणि मोटारसायकलसाठी लुधियानाच्या हीरोवाल्या मुंजालांशी. तेव्हाचा बाजार स्कूटरचा, म्हणजे कागदावर तरी आपल्या पुणेकरांच्या पानात मोठा घास पडला होता. कायनेटिक होंडा गाडीही झकास होती, बटण दाबलं की सुरू आणि गिअरची कटकट नाही. तरी पुढची बाजी मुंजालांनी मारली.

त्याचं कारण इंजिनात होतं. यामाहा, सुझुकी आणि कावासाकी तिघी टू-स्ट्रोक होत्या. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, म्हणून ताकद जास्त. आरएक्स १००ची ११ हॉर्सपॉवर म्हणजे तेव्हा दंगाच होता, आणि तिच्या आवाजावर जीव टाकणारे आजही आहेत. पण थोडं पेट्रोल न जळताच धुराड्यातून बाहेर जातं आणि पेट्रोलबरोबर ऑइलही जळत राहतं. सीडी १०० फोर-स्ट्रोक होती. दोन फेऱ्यांना एक स्फोट, ताकद जेमतेम सात हॉर्सपॉवर, धूर नाही आणि पेट्रोल निम्म्याच्या आसपास. ‘भरा, बंद करा, विसरा’ अशा अर्थाची तिची इंग्रजी जाहिरात गाजली. प्रत्येक लिटरचा हिशोब ठेवणाऱ्या देशाला याहून वेगळं काय हवं होतं?

या इंजिनाचं कूळ जपानमधल्या होंडाच्या सुपर कबपर्यंत जातं. १९५८ची ती गाडी. सोबा (जपानी नूडल्स) पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हातात ताटं धरून दुसऱ्या हाताने चालवता यावी, असा तिच्यामागचा विचार सांगतात. आडवा सिलिंडर आणि कमी वेगातही न अडखळता ओढणारं इंजिन ही त्याच घराण्याची लक्षणं. शिकाऊ माणूस क्लच घाईने सोडतो, तेव्हा असं इंजिन लगेच मान टाकत नाही. हीरो होंडाचे चारही गिअर पायाच्या चवड्याने एकाच दिशेला दाबत जायचे असत. ज्याने शाळेच्या मैदानावर या गाडीवर हात बसवला, त्याला एक खाली, बाकीचे वर अशी दुसरी गाडी मिळाली की पहिला आठवडा तो चौकाचौकात गोंधळायचा.

१९९४मध्ये स्प्लेंडर आली. इंजिन तेच ९७.२ सीसीचं, फक्त अंगावरचे कपडे नवे. धुराचे नियम १९९६मध्ये आणि पुन्हा २०००मध्ये कडक झाले, तेव्हा टू-स्ट्रोकवाल्यांची पंचाईत झाली. आरएक्स १००चं उत्पादन १९९६मध्ये थांबलं. बजाजने १९९१मध्येच फोर-एस चॅम्पियन काढून दिशा बदलली होती, १९९७मध्ये बॉक्सर आणली. ही बॉक्सर पुढे आफ्रिकेत गेली आणि युगांडात बोडा-बोडा, म्हणजे भाड्याची दुचाकी, म्हणून माणसं वाहू लागली. पुण्याच्या कंपनीच्या गाडीला युगांडाच्या राजधानीत, कंपालात, मिळालेल्या या मानाची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही, याचं मला नवल वाटतं. आपल्या खेड्यात तर ‘हिरोहोंडा’ हे कंपनीचं नाव उरलंच नाही. कुठल्याही छोट्या मोटारसायकलला तेच म्हणतात.

मग २००१ साल. पल्सर आली आणि तरुणांना दीडशे सीसीची चटक लागली. त्याच वर्षी ॲक्टिव्हा आली आणि शहरातला नवशिक्या बिनगिअरकडे वळला. आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढायला गिअरची गाडी कोण आणतो आता? शहरासाठी म्हणून नावाजलेली शंभर सीसी शहरातून अशी हळूहळू निघाली आणि शेताच्या बांधावर, दूध डेअरीच्या दारात जाऊन उभी राहिली.

एप्रिल २०२०पासून धुराचे आणखी कडक नियम, बीएस-६, लागू झाले. कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. थंडीत चोक ओढणं गेलं. गाडी घाटात बंद पडल्यावर खाली हात घालून कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवणंही नव्या गाड्यांत उरलं नाही.

हीरोपासून वेगळी झालेली होंडा मार्च २०२३मध्ये या वर्गात स्वतःच्या नावाने उतरली. मुंबईत शाइन १०० जाहीर झाली, शोरूमची किंमत ६४,९०० रुपये. चार गिअर, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. शंभर सीसीची ती जुनी सरकारी अट केव्हाच इतिहासजमा झालेली आहे, तरी या नव्या कोऱ्या इंजिनाचं माप आहे ९८.९८ सीसी.